सगळं कळलं, प्रोफे

दर सोमवारी तास संपला की मी पोरांकडून चिठ्ठ्या घेते. घोडं कुठं अडलंय तेवढं लिहा, नाव घालू नका, भिऊ नका. आणि दर सोमवारी झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच: सगळं कळलं, प्रोफे.

मग परीक्षेत अर्धा वर्ग आडवा. शेतकी कॉलेजात संख्याशास्त्राची प्रोफेसर मी, पण हे गणित काही माझ्याच्यानं सुटेना.

आमचे संचालक एलीहिओ यांनी तेरेरेचा, म्हणजे आमच्या पाल्याच्या थंड चहाचा पेला भरून माझ्या हातात दिला. "सुनिल्दा, पोरं तुला डोक्यावर घेतात न् पेपरात नापास होतात. मी वर काय कळवू? शुक्रवारी वर्गाचा अभिप्राय मीच घेणार. त्यावर तुझा पुढचा करार."

माझं डोकंच चालेना. खोटं लिहितात म्हणावं, तर कशासाठी? तडक वर्गात गेले.

"माझी थट्टा चाललीये का रे? सरासरी सोडून पुढचं काहीतरी सांगा एकानं तरी."

मागं कुणीतरी गुआरानीत, त्यांच्या घरच्या बोलीत, कुजबुजलं. शेवटी वर्गाचा प्रतिनिधी डेर्लिस उठला.

"प्रोफे, रागावू नका. तुमच्या आधीच्या सरांच्या चिठ्ठ्यांत आम्ही खरं लिहिलं होतं, काही कळत नाही म्हणून. पुढच्याच महिन्यात त्यांना काढलं. मग वर्षभर कुणी आलंच नाही."

"अरे, पण या चिठ्ठ्या माझ्यासाठी आहेत. मी त्या वर दाखवत नाही."

"सरही असंच म्हणायचे."

रागवावं की रडावं, तेच कळेना. "शुक्रवारी खरं लिहा," एवढं म्हणून मी बाहेर पडले. जिना उतरताना मात्र वाटत होतं, एवढ्या एका वेळी खोटं लिहिलंत तरी चालेल रे बाबांनो.

शुक्रवारी एलीहिओंनी कागद वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

"सगळ्यांनी एकच लिहिलंय. 'आम्हाला काहीही कळलेलं नाही. प्रोफे सुनिल्दाच हव्यात, पण पहिल्या धड्यापासून.' आता हे मी वर कसं कळवू?"

"मला काय विचारता? मीच चक्रावलेय."

वरून अजून काही आलेलं नाही. करार आहे की गेला, देव जाणे. सोमवारी मी फळा पुसला न् पहिला धडा काढला. थोडं पुढं गेले असेन, तेवढ्यात डेर्लिसनं हात वर केला.

"प्रोफे, हे नाही कळलं."