गाळलेल्या ओळी

"सगळ्यांनीच जायचं नसतं, पोरी. कुणी जातं, कुणी पाठवतं, कुणी मागं राहून गुडघे झिजवतं. तुझ्या वाट्याला काय आलंय, ते तुझं तूच शोध."

रविवारच्या शाळेतल्या म्हाताऱ्या बाईंचा हा खरखरीत आवाज तिनं जन्मभर जपला होता. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ तिचं बोट सोडत नव्हता. आई कामावर जायची, म्हणून त्याला निजवायचं ते हिनंच. त्यासाठी तिनं आपलं आपणच एक गाणं जुळवलं होतं:

नीज रे भाऊराया, दार मी राखते,
तुझिया हाकेला ओ मीच रे देते.

भाऊ मोठा झाला, पंप दुरुस्त करायला शिकला, आणि एक दिवस म्हणाला, "ताई, मिशनच्या दवाखान्याला पंपवाला हवाय. समुद्रापलीकडे. प्रभूचं कामही पाण्यावाचून अडतंच की." चर्चच्या मंडळीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला निरोप दिला.

ती मागं राहिली. शर्टांच्या कारखान्यात हातानं काजं करायची. कापडाला बारीक चीर द्यायची, मग कडेनं टाके असे घट्ट भरायचे की कापल्या जागचा एक धागा सुटून दिसता कामा नये. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत ती भावाचं पत्र वाची. आवाज असा, की मागच्या बाकावरचे पेंगणारेही सरळ बसत. 'इथले डास फार धार्मिक आहेत,' भाऊ लिही, 'आम्ही प्रार्थनेला डोळे मिटले की तेही जेवणाआधीचे आभार मानून घेतात.' लोक हसत, मग डोळे पुसत. तिला सगळे वाचकताई म्हणू लागले. पाळकसाहेब म्हणाले, "माझ्या उपदेशापेक्षा तुमचं वाचणं जास्त ऐकतात हो लोक." आपल्या वाट्याचं सापडलं, असं तिला तेव्हा वाटलं.

चौथ्या वर्षी एक पत्र आलं. आजारी बाळाच्या खाटेशी रात्रभर कंदील धरून बसलेल्या एका आईची हकिगत त्यात होती. त्याखाली अकरा ओळी:

'ताई, इथला ताप मला सोडत नाही. माझ्या आधीचे दोघं यानंच गेले, हे मला इथं आल्यावर कळलं. औषध मागितलं की मोठे साहेब म्हणतात, विश्वास वाढवा. मी आपणहून निघालो तर पळपुटा ठरेन. मंडळीनं बोलावलं तर येता येईल. एवढं सगळ्यांसमोर वाच. आणि माझ्या जागी दुसरं कुणी पाठवू नका.'

तिनं पेन्सिलीनं त्या ओळींभोवती कंस केला. ताप कुणाला येत नाही, तिनं मनाला समजावलं. पुढच्या पत्रात पुन्हा हसेल. लोक काय म्हणतील, हेही होतंच. पण खरं कारण त्याहून लहान होतं. वाचून झाल्यावर चर्चमध्ये जी शांतता पसरे, ती तिला हवी होती. रविवारी तिनं कंदिलाची हकिगत तेवढी वाचली, आणि शांतता पसरली.

त्यानं आणखी दोनदा लिहिलं. तिनं दोनदा कंस केला. मग तार आली.

त्याला गाडून महिनाही झाला नव्हता, तोच त्याच दवाखान्यात जायला मंडळीतली तरुण नर्स तयार झाली. निघायच्या आधी ती कारखान्याच्या पायरीवर, जेवणाच्या सुट्टीत, वाचकताईशेजारी येऊन बसली.

"ताई, चपला किती नेऊ? दादांनी लिहिलं होतं ना, तिथली माती चपला खाते."

"दोन जोड ने."

"आई म्हणते, लग्न करायचं सोडून निघाली डासांच्या पंगतीला." नर्स हसली. "तुम्ही ते कंदिलाचं पत्र वाचलंत ना, त्याच दिवशी माझं ठरलं. लोक विचारतात, देवाचं पाचारण कसं झालं? मी म्हणते, वाचकताईंच्या आवाजात."

वाचकताईच्या हातातला घास हातातच राहिला.

त्या दुपारी तिची चार काजं तिरकी गेली. शेजारची म्हणाली, "आज कात्री आंधळी झाली वाटतं." तिनं टाके उसवायला घेतले.

घरी आली तर दारात पत्र पडलेलं. अक्षर भावाचं. माणूस आधी गेला होता, पत्र मागून पोचलं होतं. तिनं ते उभ्यानंच वाचलं आणि मग बराच वेळ चप्पलही काढली नाही.

रविवारी निरोपाची उपासना होती. नर्स पहिल्या बाकावर, शेजारी तिची आई, लेकीचा हात घट्ट धरून. सोमवारी सकाळी निघायचं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "आता ताई आपल्या दिवंगत भावाचं शेवटचं पत्र वाचतील. त्यानं निघालेल्या या लेकीला बळ येईल."

ती पुढं गेली. तिनं पिशवी मेजावर ठेवून पत्र उघडलं. मग तिनं वाचायला सुरुवात केली. या वेळी हातात पेन्सिल नव्हती.

"'प्रिय ताई, हात थरथरतो, म्हणून थोडंच लिहितो. तीनदा कळवलं. तू वाचून दाखवलं असशीलच. मंडळीकडून बोलावणं आलं नाही. मी रागावलो नाही. सगळ्यांनी मिळून विचार केला असेल आणि मी इथंच राहावं असं ठरलं असेल. मग तेच माझं काम. राहतो मी. फक्त दुसरं कुणी पाठवू नका.'"

शांतता पसरली. तीच. पाळकसाहेबांचा हात गीतांच्या पुस्तकाकडे गेला आणि तिथंच थांबला. लोक एकमेकांकडे पाहू लागले: कधी कळवलं? कुणाला?

तिनं पिशवीतून तीन जुनी पत्रं काढून मेजावर उलगडून ठेवली. पेन्सिलीचे कंस अजून स्पष्ट दिसत होते. नर्सच्या आईनं लेकीचा हात छातीशी ओढून घेतला होता.

"त्यानं तुम्हाला हाक मारली होती," वाचकताई म्हणाली. तिचा तो आवाज कुठंच नव्हता. मागच्या बाकावरच्यांना कान द्यावा लागला. "तीनदा मारली. तुमच्यापर्यंत आलीच नाही ती. मी वाचलं नव्हतं."