जयाचा माइक

जयाच्या गळ्यातली गाठ वाईट निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकताना सुगतच्या मनात एकच आलं. ऑपरेशनच्या आधी बायकोचा आवाज टेपवर भरून ठेवायचा.

ते त्याच्या हातातलं काम होतं. परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये तो इलेक्ट्रिशियन होता. मिलला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती आणि आता घराच्या पुढच्या खोलीत तो टेप-रेडिओ दुरुस्त करायचा. सियागंजच्या बाजारात बाहेरचा चकचकीत माल येऊन पडत होता, जुनं दुरुस्त करायला लोक कमी यायचे. पण त्याच्या एका डब्याचं नाव मात्र झालं होतं.

तो डबा त्याने स्वतः जुळवला होता. लग्नात, जयंतीत दोन माइक लावून गाणी भरत. त्यातला एक हमखास दगा द्यायचा, मग एका स्पीकरमधून गाणं आणि दुसऱ्यातून नुसती खरखर. मिलमध्ये धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, त्यावरून सुगतला ही युक्ती सुचली. डबा सुरुवातीचे दहा सेकंद दोन्ही माइक ऐकायचा. दोन्हीकडून वेगळा आवाज आला तर लाल दिवा लागायचा, म्हणजे स्टिरिओ. एक बाजू जवळजवळ गप्प असली तर डबा तो माइक मेला असं समजायचा, त्याला तोडून टाकायचा आणि दुसऱ्याचाच आवाज दोन्हीकडे पाठवायचा. मध्येच खरखर नको, म्हणून एकदा ठरवलं की टेप बंद होईपर्यंत बदल नाही. या हट्टी गुणाचं सुगतला फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "भिया, आपला डबा एकदा बोलला की बोलला."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचे थोरले भाऊ आनंदराव आले. भीमजयंतीला म्हऊपर्यंत जाऊन गाणारी ही दीर-भावजयीची जोडी. आनंदराव ओळ सोडायचे, जया ती उचलायची, सुगत ढोलकीवर. सुगतने एक माइक भावाला दिला, दुसरा जयासमोर ठेवला, डबा मागे स्टुलावर ठेवला आणि टेप चालू केला.

"जेठजी, तुम्ही सुरू करा," जया म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण होता.

मोठ्या दिराचा आलाप संपेपर्यंत जया कधी तोंड उघडत नसे. वीस वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशीही ती पदर ओठांवर दाबून बसली, खोकलासुद्धा तिने आवरला. आनंदरावांनी मनापासून लांब आलाप घेतला. मग तिने ओळ उचलली आणि कॅसेटची अख्खी बाजू ती गायली. दुखत होतं हे दिसत होतं. सुगतचे दोन्ही हात ढोलकीत आणि डोळे तिच्या गळ्यावर होते. पाठीमागे डब्याचा दिवा लागलाय का हे बघायचं त्याला सुचलंच नाही.

संपल्यावर त्याने टेप मागे फिरवला, तर जयाने त्याचा हात धरला. "आत्ता नको. परत आले की दोघं मिळून ऐकू." तिने त्याला म्हटलेलं हे शेवटचं मोठं वाक्य. सुगतने कॅसेट कपाटात ठेवली आणि शब्द पाळला.

सव्वा महिन्याने जया घरी आली. गळ्याशी पट्टी, मांडीवर पाटी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच कपाटाकडे बोट दाखवलं.

आनंदरावांचा आलाप खोलीत घुमला. ओळ सुटली. पुढे जयाची जागा होती आणि तिथे नुसती ढोलकी वाजत राहिली. सुगतने आवाज पूर्ण वाढवला. खूप लांब, भावाच्या माइकने चुकून टिपलेलं काहीतरी होतं. जया म्हणून ऐकलं तर जया, नाहीतर वाराच. दोन्ही स्पीकरमधून अगदी एकसारखं. ते एकसारखेपण कानावर पडलं आणि सुगत काय ते समजला.

"मी बनवला तो डबा," तो म्हणाला. "तू गप्प बसली होतीस ना सुरुवातीला. त्याला वाटलं माइक मेलाय. मीच त्याला तसं शिकवलं." मग तो लहान मुलासारखा रडला. उठून स्टुलावरचा डबा उचलला, आता तो फोडणारच होता.

जयाने पाटी वाजवली. तिने लिहिलं होतं, 'पहिल्यापासून लाव.'

"काय ऐकणार? तू नाहीसच त्यात."

तिने तेच शब्द बोटाने पुन्हा दाखवले. सुगतने डबा खाली ठेवला, टेप मागे फिरवला, बटण दाबलं. जया ताठ बसली आणि पदर ओठांवर धरला. आलाप संपला, आनंदरावांनी ओळ सोडली. जयाने पदर खाली घेतला, श्वास भरला आणि आपल्या जागेवर, बरोबर ठेक्यावर तोंड उघडलं.