क्योस्टीच्या दोन सुऱ्या

"लेम्पे, माझी बर्चच्या मुठीची सुरी कुठं गेली गं?"

"कमरंला बघ, म्हाताऱ्या!"

क्योस्टीनं कमरेला हात लावला. सुरी होतीच. शेजारी रेनडिअरच्या शिंगाच्या मुठीची दुसरीही होती. गडी निघाला होता मासे धरायला, पण थाट सगळा लढाईचा. घसरगाडीवर कुऱ्हाड, घडीची करवत, दोरखंड, दोन किटल्या आणि वर एक होकायंत्र. घरामागचंच तळं, जन्मभर तुडवलेलं. तिथं होकायंत्र कशाला, हे विचारायची सोय नव्हती.

लाकूडतोड सुटून पेन्शन लागली आणि याला हा नाद जडला. बैठकीची भिंत सुऱ्यांनी भरली. रोज त्यांना तेल लावायचा, उन्हात धरून बघायचा, पण एकीलाही माशाचा वास लागू द्यायचा नाही. मासे बायकोनं, लेम्पीनं, चिरायचे, तेही मुठीला सुतळी गुंडाळलेल्या तिच्या जुन्या सुरीनं.

दारात शेजारचा आल्पो येऊन उभा राहिला. याच्याकडं एक गळ, बर्फाला भोक पाडायचं गिरमिट आणि तोंडभर टवाळी.

"आलं बघा दुकान! लेका, माशापरीस सुऱ्याच जास्त झाल्या की!"

"हसशील तितकं हस. येळ सांगून येत न्हाई."

"आली तर तू तिला होकायंत्र दाखव!"

लेम्पी खिडकीतून खदखदली. क्योस्टी फुरंगटून गाडी ओढत चालू लागला.

एप्रिलचं ऊन गोठलेल्या तळ्यावर असं सांडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. वरचा बर्फ दुपारी भिजून लापशीसारखा होई. काठाच्या बर्चच्या झाडांना अजून पालवी नव्हती, पण हवेत ओल्या मातीचा वास आला होता. बर्फाला भोक पाडून दोघं तासभर गळ टाकून बसले. एक मासा लागेल तर शपथ.

आल्पो उठला. "वढ्याच्या तोंडाशी जातो. मासं तितंच गोळा होत्यात."

"नगं जाऊ. बर्फ काळं पडून पातळ झालंया तिकडं."

"तू बस तुझ्या सुऱ्या राखत!"

पुढं गेला, आणि काचेचं ताट फुटावं तसा आवाज झाला. क्योस्टीनं मान वळवली तर आल्पोची नुसती टोपी आणि दोन हात दिसत होते.

"क्योस्टी! आरं, गेलो रं!"

क्योस्टीनं गळ्याशी हात नेला. बर्फात रुतवून वर यायचे दोन टोचे असतात, ते गळ्यात अडकवूनच तळ्यावर जायचं असतं. याच्याकडं त्यांच्या चार जोड्या होत्या. चारही घरी, खिळ्याला!

"आगं आई गं!" म्हणत त्यानं दोरखंड उचलला आणि पोटावर पडून सरपटत निघाला. खालचा बर्फ कुरकुरायला लागला, तसा तो थांबला. आल्पो भोकाच्या काठाला हात घाली आणि काठ मोडून त्याच्या हातात येई. ओठ निळे पडलेले.

क्योस्टीनं दोन्ही सुऱ्या म्यानातून उपसल्या. एकवार त्या झळाळत्या पात्यांकडं बघितलं आणि बर्फावरून घसरत सोडून दिल्या, मूठ पुढं करून.

"धर! दोन्ही हातांनी रोव! पाय मागं मार, बेडकासारखं!"

आल्पोनं एक रोवली, दुसरी रोवली. छाती वर आली. क्योस्टीनं फेकलेला दोर त्यानं मनगटाला गुंडाळला आणि क्योस्टीनं टाचा रोवून असा ओढला की आल्पो ओल्या सीलसारखा बाहेर घसरत आला. दोर धरायच्या गडबडीत बर्चच्या मुठीची सुरी आल्पोच्या हातून सुटली आणि भोकात गेली. बुडबुडासुद्धा आला नाही. शिंगाची तेवढी त्याच्या मुठीत राहिली.

काठावर क्योस्टीनं बर्चची साल सोलून जाळ पेटवला. आल्पोला ओल्या कपड्यांतून काढून आपले कोरडे लोकरी कपडे चढवले. दोन किटल्यांपैकी एकीत कॉफी उकळली, दुसरीत पाणी. आल्पोचे दात कडाकडा वाजत होते. मग क्योस्टीनं शिंगाच्या मुठीची सुरी पुढं केली. आल्पोनं बरोबर आणलेलं सॉसेज कापलं, पात्याकडं जरा वेळ बघितलं.

"धार बरी हाय," तो म्हणाला.

वीस वर्षांत त्यानं क्योस्टीच्या एकाही वस्तूला बरं म्हटलं नव्हतं. क्योस्टीनं तोंड फिरवून जाळात लाकूड सारलं.

घरी पोचल्यावर लेम्पीची नजर आधी रिकाम्या म्यानावर गेली.

"बर्चची सुरी कुठाय?"

"आल्पोला दिली."

"दिलीस? तू?" तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "मला कांदा कापाय देत न्हाईस, अन् त्याला दिलीस?"

"दिली."

"मग परत माग की!"

"ऱ्हाऊ दे," बूट काढत क्योस्टी म्हणाला. "त्यानं लई खोल ठिवलीया."