डोहांची सहल आणि माझी पाठ

मित्रांनो, मी एक म्हातारा गाढव आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगताना मध्ये कुणी अडवलेले मला आवडत नाही.

ओमानच्या डोंगरात, एका रखरखीत घळीच्या तोंडाशी आमचे गाव आहे. माझा मालक खमीस. तरुणपणी मी त्याच्या बागेतला सगळा खजूर वाहिला. त्याचे वडील माझ्या कपाळावर हात ठेवून पाहुण्यांना सांगत, हा आहे म्हणून आमची बाग उभी आहे. पुढे गावात रस्ता आला, रस्त्यावरून गाडी आली आणि माझी रवानगी भिंतीच्या सावलीत झाली. तिथे मी वाऱ्याने आलेले पुठ्ठे चघळत असे. माझे खूर वाढले तरी कुणी पाहिले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात खमीसची बहीण रय्या आणि तिचा नवरा हिलाल मस्कतहून आले. घळीतल्या डोहांवर दिवसभर जायचे ठरले. तिथे गाडी जात नाही. मग सगळ्यांना माझी आठवण झाली.

हिलालला सहल म्हणजे घर हलवणे वाटते. गालिचा, उशा, कोळसा, भाताचे पातेले, मसाला लावलेले मटण, कॉफीची किटली, वर कलिंगडे. शिवाय पाण्याचे कॅन! अहो, आम्ही पाण्याकडेच निघालो होतो. रय्या म्हणाली, उशा तरी राहू द्या. हिलाल म्हणाला, गाढवाला काय कळतंय. पाहुण्याचे मन कशाला मोडा, म्हणून खमीस गप्प बसला आणि त्याने दोर आवळला. त्या गप्प बसण्याचा मला हिलालपेक्षा जास्त राग आला.

घळ अरुंद होत गेली. पहिल्या डोहाच्या वर एक शेवाळलेला खडक आहे. तो पाहून मी थांबलो. हिलालने मला हट्टी म्हटले आणि दोरी ओढली. माझा पाय घसरून दोन दगडांच्या फटीत अडकला. ओझे डोहाच्या बाजूला कलले. मी धडपडलो तसा पाय आणखी रुतला. हिलाल ओढतच होता.

"दाजी, सोडा ती दोरी," खमीस म्हणाला.

"अरे, मटण जाईल पाण्यात."

"जाऊ दे. पाय मोडला तर त्याला इथून बाहेर कोण नेणार? तुम्ही उचलणार?"

रय्याने कलिंगडाची सुरी काढून भावाच्या हातात दिली. खमीसने दोर कापले. पातेले, मटण, कलिंगडे सगळे गडगडत डोहात गेले, भात पाण्यावर पसरला आणि डोहातल्या माशांची ईद झाली. खमीसने खाली बसून माझ्या पोटाला खांदा दिला, दगड हलवला आणि पाय सोडवला. कातडे सोलले होते, हाड शाबूत होते.

"सकाळीच बोलायला हवं होतं मी," जखम धुताना तो एवढेच म्हणाला.

पुढच्या डोहावर तिघांनी खमीसच्या खिशातल्या खजुरावर दुपार काढली. मी पोटभर पाणी प्यालो. परतताना माझी पाठ रिकामी होती आणि भिजलेला गालिचा हिलालच्या खांद्यावर होता. वाटेत तो पुष्कळदा थांबला. त्याला कुणी ओढले नाही.

मित्रांनो, मी अजून थोडा लंगडतो. खमीस आता माझे खूर वेळेवर तासतो, तरी हिलाल पुन्हा येणार असे ऐकले की माझे कान मागे जातात. एवढे करा, जनावर वाटेत थांबले तर काठी शोधू नका. आधी खाली वाकून त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा.