चौतिसावी

रुग्णालयातल्या नोंदी सांभाळणाऱ्या मावशींचं आणि डॉक्टरीणबाईंचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. रक्ताच्या कॅन्सरच्या चाळीस मुलांचा पाच वर्षांचा अहवाल पाठवायचा होता. तेहेतीस ठणठणीत, सहा गेली, आणि एका मुलीचा दोन वर्षं पत्ताच नाही.

"बेपत्ता लिहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बेपत्ता? पोरगी आहे ती, बसमध्ये विसरलेली छत्री नाही!" मावशी कडाडल्या. बेपत्ता मूल बऱ्या झालेल्यांत धरत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या पोरीची प्रत्येक सुई त्यांनी स्वतः नोंदवली होती. आता तिला अशी हातची जाऊ देतील तर त्या मावशी कसल्या!

फोन बंद, घर बदललेलं. जुन्या घराखालच्या सायकलवाल्याला बोलतं करून त्यांनी नवा पत्ता काढलाच, आणि रविवारी तीन जिने चढून, धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

दार मुलीच्या बापाने उघडलं. सुतार माणूस, शर्टभर लाकडाचा भुसा. मावशींना ओळखलं आणि चेहरा पांढराफटक पडला. बाहेर येऊन त्याने दार मागे ओढून घेतलं.

"हळू बोला हो. इथे कुणाला माहीत नाही. पोरीलाही फारसं आठवत नसेल. लोकांना कळलं की जन्मभर आजारी म्हणूनच बघतील तिच्याकडे. म्हणून आलो नाही परत."

"ते राहू द्या! पोर कशी आहे ते सांगा आधी." मावशींचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात दार सताड उघडलं. बापाच्या खांद्याला लागलेली, दोन घट्ट वेण्यांची मुलगी कमरेवर हात ठेवून उभी.

"सात वर्षांची होते मी, बाबा, तान्ही नव्हते! सगळं आठवतंय. केस गेले, दोन वर्षं सुया टोचून घेतल्या. माझ्या वर्गात कुणी जिंकलंय का एवढं मोठं काही? धावण्यात तिसरी आलेली कप मिरवते, आणि मी मात्र तोंड शिवून बसायचं?"

मावशींना हसूही आवरेना आणि रडूही. काय पोर होती, वा गं माझी वाघीण! "उद्या रक्त तपासायला ये," त्या म्हणाल्या.

सुताराने लेकीकडे पाहिलं. मग बाहीने डोळे पुसून त्याने शेजारच्या दारावर थाप मारली.

"अहो दादा, बाहेर या जरा! ही माझी लेक. हिला कॅन्सर झाला होता. बघा आता!"