एका वेळी एक काडतूस

मित्रांनो, माझे वजन अठरा पौंड आहे. इतक्या वर्षांत ते गुंजभरही कमी झालेले नाही, पण अलीकडे मला माझाच भार वाटू लागला आहे. मी काडतुसे भरायचे हातयंत्र आहे, ओतीव लोखंडाचे. दांड्याजवळचा माझा हिरवा रंग केव्हाच उडाला आणि सांधा सैल झाला. कोणी दांडा ओढला की मी कण्हतो, आणि ते कण्हणे मलाच ऐकवत नाही.

माझे काम साधे आहे. बंदूक उडते तेव्हा गोळी जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. ती माझ्यात घालून दाबली की पुन्हा मापात येते. मग तिच्या बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत दारू मोजून घालायची आणि तोंडावर नवी गोळी दाबायची. मी एका वेळी एकच पुंगळी घेतो. घाई मला जमत नाही.

ओतशाळेतून निघालो तो मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, एका लहान गावातल्या दुकानात येऊन पडलो. माझ्या शेजारी एक फिरत्या डोक्याचे, चकचकीत यंत्र होते. ते तासाला दोनशे काडतुसे भरायचे. गिऱ्हाईक आले की आधी त्याच्याकडे वळायचे, आणि मी फळीवर धूळ खात राहायचो. एकाहत्तर साली ऑर्विल लुंडगार्ड आणि त्याची बायको इंगा दुकानात आली. ऑर्विल सरकारी रस्त्यांवरचा बर्फ उपसायचा ट्रक चालवायचा, इंगा शाळेच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक करायची. ऑर्विलही त्या चकचकीत यंत्रापुढेच जाऊन उभा राहिला. इंगाने त्याला विचारले, "वर्षाला तू जनावरं मारतोस किती?"

"एक एल्क. झालीच तर दोन हरणं."

"मग तासाला दोनशे काडतुसं घेऊन लढाईवर निघालायस का?"

दुकानदार काउंटरमागे खाली बघून हसला. त्याने मला फळीवरून उतरवले आणि ऑर्विलला समजावून सांगितले, की सुरुवात या एकेरी यंत्राने करावी, कारण यात प्रत्येक पुंगळी हातातून जाते आणि चूक डोळ्यांना दिसते. पुंगळी दाबायचे साचे मात्र आपल्या बंदुकीच्या मापाचेच घ्यावेत. वाचलेले पैसे तराजूवर घालावेत. "यंत्र कसलंही चालतं बघा," तो म्हणाला, "काटा खोटा नको." इंगाला ते पटले. ऑर्विल मला काखेत मारून बाहेर पडला खरा, पण दारातून त्याने एकदा मागे वळून त्या दुसऱ्या यंत्राकडे पाहिले. ते मला लागले. लोखंडालाही लागते, मित्रांनो.

त्यांच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राला लागून, मला जाड फळीवर बोल्टने आवळले. इंगाने तिथले नियम घातले. दारू मोजताना रेडिओ बंद आणि बोलणे बंद. फळीवर दारूचा एकच डबा, दुसरा कुलपात, कारण भलती दारू भरली गेली तर बंदूक तोंडावर फुटते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचे. ऑर्विल सुरुवातीला कुरकुरला, मग तेच त्याच्या हाताचे वळण झाले. नोव्हेंबरात एल्कचे, म्हणजे तिथल्या थोराड सांबराचे, मांस यायचे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरायचे. त्याची काडतुसे इतकी एकसारखी असत की शेजारी बघायला जिना उतरून येत. ती वर्षे चांगली होती. मी दमायचो, पण ते दमणे झोप लागण्यासारखे होते.

मग इंगा गेली. त्यांची मुलगी मार्नी तोवर बिलिंग्ज शहरात नोकरीला लागली होती. ऑर्विलने तळघरात येणे सोडले. माझ्या दांड्यावर जुने कोट टांगले गेले, फळीवर रंगाचे डबे आले. बारा वर्षे मी कोट सांभाळले.

पुढे एका वर्षी दुकानांतून काडतुसेच मिळेनाशी झाली. लोकांना ऑर्विलची आठवण झाली. वेस टिबेट्स हा त्याचा जुना मित्र रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, नुसता खुर्ची उबवत बसलायस. वीस भरून दे की." ऑर्विलने कोट काढले, मला तेल दिले. त्याचे वय अठ्ठ्याहत्तर होते. कुणाला तरी आपली गरज आहे, हे त्याच्या चालण्यातसुद्धा दिसत होते.

आता सांगतो ते सांगताना मला अजून जड जाते. त्या आठवड्यात फळीवर दोन डबे उघडे होते. ऑर्विल एक डबा उघडायचा, काहीतरी आणायला वर जायचा, खाली येऊन दुसरा उघडायचा. रेडिओ चालू असायचा. तो तराजूपुढे थांबायचा, आपण काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न करायचा, आणि आठवल्यासारखे करून पुढे जायचा. मी सगळे पाहत होतो. पण तो ओढेल तेव्हा खाली यायचे, एवढेच मला येते. गोळ्या बसवायला मी वीस वेळा खाली आलो.

दोन दिवसांनी मार्नी शिकारीच्या हंगामासाठी घरी आली. धुण्याचे कपडे टाकायला खाली उतरली आणि माझ्यापुढे थबकली. वेससाठी काडतुसे भरल्याचे वडिलांनी तिला आल्याआल्या सांगितले होते. तिने त्यांना हाक मारली.

"बाबा, हे दोन डबे उघडे कसे?"

ऑर्विल जिन्यात उभा राहिला. "एक वेगळ्या कामाला होता."

"वेसला कुठली दारू घातलीत?"

त्याने खाली येऊन एकेक डबा उचलून पाहिला. मग खालच्या पायरीवर बसला. "मला सांगता येत नाही, पोरी," तो म्हणाला.

वेस ती वीस काडतुसे घेऊन त्या दिवशी पहाटेच डोंगरात गेला होता. तिथे फोन लागत नाही. दोघे पिकअप काढून निघाले. पुढचे मार्नीने नंतर तळघरातून एका मैत्रिणीला फोनवर सांगितले त्यावरून मला कळले. बर्फातला चाळीस मैलांचा रस्ता होता. वाटेत ऑर्विल म्हणाला, की वेसला मी सांगेन, तू मध्ये बोलू नकोस.

वेस तंबूपुढे लाकडाच्या तुकड्याने बंदुकीच्या मागच्या खटक्यावर, ज्याने काडतूस आत-बाहेर होते त्यावर, ठोकत बसला होता. सकाळी दोन बार काढले होते. पहिल्याचा आवाज फुसका आला, आणि दुसऱ्यानंतर खटका अडकून बसला. थंडीने आखडला असेल असे त्याला वाटले. खटका सुटला की तिसरे भरून तो वर चढणार होता. ऑर्विल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"उरलेली परत दे, वेस. थंडीनं नाही झालं ते. मी दारूची गल्लत केली."

"तू? अरे, साऱ्या तालुक्यात तुझ्यासारखा—"

"तो मी राहिलो नाही आता. दे."

वेसने खिशातून डबी काढून त्याच्या हातात ठेवली आणि बंदूक बाजूला केली. थोड्या वेळाने त्याने कॉफी ओतली. आपली सून वर्षभर डोळे तपासून घे म्हणतेय, तेही आता बघायला हवे, असे म्हणाला.

घरी येऊन बापलेकीने अठराही काडतुसे एकेक करून उकलली. सात काडतुसांत भलतीच दारू निघाली, एकात काहीच नव्हते. मार्नीला तो आकडा वडिलांपासून लपवायचा होता; तिने तो लिहिलेला कागद उलटा केला. ऑर्विलने तो सरळ केला, वाचला, आणि पाना घेऊन माझे बोल्ट सोडवायला बसला. गंजलेले बोल्ट. अख्खी दुपार गेली. मार्नीने मदतीला हात पुढे केला तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली. शेवटचा बोल्ट निघाला तसा त्याचा हात माझ्या पाठीवर थोडा वेळ राहिला. त्याने तो काढला तसा मी फळीवर कलंडलो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, कोरड्या जागी ठेवा, हे तर तुम्ही कराल. पण माझे मागणे दुसरे आहे. आम्ही बोलू शकत नाही. चाळीस वर्षांच्या हाताचे वळण सुटते आहे हे आम्हाला आधी कळते, आणि तरी आम्ही ओढल्याबरोबर खाली येतो. तुम्हाला तोंड आहे. आपल्या माणसाचा हात चुकू लागला तर वेळेवर बोला. आणि बोललात की त्याला तिथे एकटे सोडून जाऊ नका.

मार्नीने बिलिंग्जची नोकरी आटोपती घेतली आणि ती घरी राहायला आली. मला तिने पुन्हा फळीवर आवळले. आता वर्षाकाठी वीसच काडतुसे ती भरते. डबा एकच, रेडिओ बंद. ऑर्विल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून असतो.

"दारू कुठली घेतलीस?" तो विचारतो.

मार्नी हातातले काम थांबवून डब्यावरचे नाव मोठ्याने वाचते. पाच मिनिटांनी तो पुन्हा तेच विचारतो. ती पुन्हा डबा उचलते आणि, पहिल्यांदाच विचारल्यासारखे, वाचून दाखवते. मग मी सावकाश खाली येतो.