माझ्या पोटावरची सुरकुती

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. पोटावर सुरकुती, झाकण तिरकं. हसलात ना? हसा! पण ही सुरकुती पडली, त्याच क्षणी एक हात वाचलाय.

माझा जन्म तुर्भ्याच्या कारखान्यात झाला. तिथे केशरबाई प्रेस चालवायच्या. प्रेस म्हणजे पत्र्यावर दणकन आदळून त्याचा डबा करणारं मशीन. त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ते खाली येतं, म्हणजे हात आत राहायला नको. पण त्या दिवशी माल न्हावा शेव्याच्या बंदरात पोचवायचा होता. सुपरवायझर दिनानाथ घाईला आले होते.

"केशरबाई, एका बटणात पाचर ठोका, म्हणजे ते दाबलेलंच राहील. एका हाताने पत्रा सरकवा, दुसऱ्याने बटण दाबा. सगळे तेच करतात."

केशरबाईंनी ठोकली. तासभर काम झपाझप झालं. मग माझा पत्रा जरा वाकडा बसला. तो सरळ करायला त्यांचा डावा हात आत गेला आणि सवयीने उजव्याने बटण दाबलं!

"माय गं! माझा हात!"

दिनानाथांनी धावत येऊन मशीन बंद केलं. हातमोजा आत चिरडला होता. तो ढगळ होता म्हणून हात तेवढा निसटला. दिनानाथांनी केशरबाईंची बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच! मग ते खालीच बसले आणि ढसाढसा रडले. उठल्यावर त्यांनी सगळ्या मशीनच्या पाचरी उपटून काढल्या. माल दुसऱ्या दिवशी गेला. काही बिघडलं नाही हो!

मध्ये अडकलेल्या मोज्यामुळे मला सुरकुती पडली. मी भंगारात जाणार होतो, पण केशरबाईंनी मला मागून घेतलं आणि घरी नेलं.

परवा त्यांच्या लेकीने, शुभदाने, नवे डबे मागवले. "आई, बघ किती स्वस्त! हा पोचेवाला टाकून देऊ?"

केशरबाईंनी नवा डबा उलटसुलट करून पाहिला. "स्वस्त कसा पडला गं? कुणी पाचर ठोकली असंल का?" मग त्यांनी तिला माझी गोष्ट सांगितली. आजवर कधी सांगितली नव्हती. शुभदाने आईचा डावा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

आता ती मलाच ऑफिसला नेते, झाकणाला रबर लावून. मित्रांनो, नव्या वस्तू घ्या खुशाल, पण त्या कुणाच्या हातून आल्या, एवढं एकदा विचारा. मी सुखात आहे. रोज संध्याकाळी केशरबाई मला घासतात, आणि मी त्यांची बोटं मोजतो. दहा!